मीटर उभा होता

तुमच्या मोबाइलमध्ये मेलेल्या माणसाचा व्हिडिओ आहे का? नाही म्हणायच्या आधी नीट आठवा. भर दुपारी, मोठ्या हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकात एका डंपरने टॅक्सीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत घातलं, तेव्हा जमलेल्या गर्दीत बरेच हात वर होते. दार ओढायला दोनचारच पुढे आले. बाकीच्या हातांत फोन होते. त्यातला एखादा हात तुमचा असेल तर ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे. नसला तरी वाचा, टॅक्सीत तुम्हीही बसताच.

गोष्ट हॅण्डब्रेकवहिनीची आहे.

हे नाव टॅक्सीवाल्यांनी ठेवलं, अर्थात तिच्या माघारी. एकदा ओढला की गाडी जागची हलू देत नाही, म्हणून हॅण्डब्रेक. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मी आहे म्हणून उतारावर उभे आहात. नाहीतर केव्हाच गटारात गेला असतात." तेव्हापासून तोंडावरही तेच नाव चालू झालं.

स्टँडच्या टोकाला तिचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, हवा भरायचा कॉम्प्रेसर, रबराची ठिगळं, सोल्युशनचा डबा आणि पाण्याचा एक मोठा टब. पूर्वी त्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायची. ट्यूबलेस टायर आले आणि टब रिकामा पडायला लागला. आता उन्हाच्या वेळी ती त्यात पाय सोडून बसते आणि तिथूनच अख्ख्या स्टँडला शिव्या घालते.

तिचा नवराही याच स्टँडवर टॅक्सी चालवायचा. एका सवारीने मागच्या सीटवरून त्याच्या गळ्यात दोरी टाकली. दिवसाची कमाई गेली आणि माणूस गेला. घर माणसांनी भरलं. दाराबाहेर चपलांचा ढीग लागला, तो हळूहळू उतरला, आणि शेवटी उरल्या त्या फक्त दिराच्या चपला. दिराने एक कागद पुढे केला, "वहिनी, इथे अंगठा द्या, बाकी मी बघतो," म्हणाला. त्याने बघितलंही. टॅक्सी गेली, परमिट गेलं, दीरही गेला. वहिनी वाचायला शिकली ती त्यानंतर, दुकानांच्या पाट्या आणि टायरवरची अक्षरं लावत लावत. गुरू कोण, असं कोणी विचारलं की म्हणते, "दीर."

तेव्हापासून स्टँडवरचा कोणी कामावर असताना मेला की नातेवाइकांच्या आधी ती त्या घरात पोचलेली असते. रडत नाही. मेलेल्याच्या बायकोशेजारी बसते आणि कानात सांगते, "पोरी, पाणी पी. आणि कोणी कितीही जवळचा असला तरी कागदाला हात लावायचा नाही. तोंडी शब्दावर तर मुळीच जायचं नाही." मग ती पोलिसांच्या आवारात जाऊन उभी राहते, कारण अपघाताची गाडी तिथे पडली की आधी बॅटरी गायब होते, मग टेप, मग स्टेपनी. एकदा तर स्टेपनी काढून तिच्यावरच बसून राहिली. हवालदार म्हणाला, "बाई, उठा, ही सरकारी जागा आहे." ती म्हणाली, "जागा सरकारी आहे, टायर विधवेचा आहे. मी टायरवर बसलेय."

गेलेल्यांच्या पोरांना शाळेत सोडणं तिने टॅक्सीवाल्यांमध्ये पाळीने वाटून दिलंय. ज्याची पाळी चुकते त्याच्या चाकात हवा भरली जात नाही. आजूबाजूला दुसरं पंक्चरचं दुकान नाही, त्यामुळे सहसा कोणाची चुकत नाही.

तर त्या दुपारी जो गेला, त्याला स्टँडवर रेडिओ म्हणायचे. बंदच व्हायचा नाही. सवारी मिळाली की सवारीशी, नाही मिळाली की आरशातल्या स्वतःशी बोलायचा. पस्तिशीच्या आतला, घरी बायको, दोन मुली. खांद्यावर कायम चौकड्यांचा नॅपकिन, त्याची एक बाजू पिवळ्या दोऱ्याने शिवलेली.

त्या दुपारी एक तरुण माणूस म्हाताऱ्या बापाला जवळजवळ उचलूनच स्टँडवर घेऊन आला. म्हाताऱ्याला श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे पडले होते. रांगेत पहिली गाडी रेडिओची होती. त्याने मागचं दार उघडलं, म्हाताऱ्याला आडवा केला, खांद्यावरचा नॅपकिन ओला करून त्याच्या हातात दिला आणि निघाला. मीटर टाकला नाही.

हे मीटरचं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मीटर खाली पाडला की भाडं चालू. उभा असला की गाडी रिकामी, लांबूनही दिसतं. आणि या स्टँडची जुनी रीत अशी, की पेशंट हॉस्पिटलात न्यायचा असेल तर मीटर टाकायचा नाही, आणि त्याच्याकडून काही मागायचंही नाही. कोणी सुरू केली, देव जाणे. पण टॅक्सीवाल्यांना या रीतीचा फार तोरा. दुसऱ्या स्टँडवाल्यांशी भांडण झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं, "आम्ही पेशंटला मीटर टाकत नाही, समजलं?"

चौकात सिग्नल हिरवा होता. डंपरवाल्याला तो त्याचाच वाटला असावा. धडक बसली, आणि रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा मध्येच बोलायचा थांबला. मागच्या दुसऱ्या दाराने मुलगा उतरला, बापाला खांद्यावर टाकलं आणि हॉस्पिटलच्या दिशेने धावत सुटला. थांबला असता तर बाप गेला असता, तेव्हा त्या धावण्याबद्दल कोणी त्याला बोल लावत नाही. नंतरच्या धावण्याबद्दल बोलायचंय.

डंपरवाला पळाला. मालकाने त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर बसवला आणि पोलिसांनी पंचनामा केला. पंचनाम्यात लिहिलं: मीटर उभा, गाडीत इतर कोणीही नाही.

टॅक्सीवाल्यांच्या विम्याच्या ऑफिसात वहिनी रेडिओच्या बायकोला घेऊन गेली. साहेब सभ्य होता. पंखा त्यांच्याकडे वळवला, बसा म्हणाला.

"बाई, तुमच्या भावना समजतात मला."

"भावना राहू द्या. नियम सांगा."

"नियम असा, की ड्रायव्हर कामावर असताना मेला तरच कुटुंबाला मदत. इथे मीटर उभा आहे. म्हणजे भाडं नव्हतं. स्वतःच्या कामाला निघाला असेल."

"पेशंट होता गाडीत. पेशंटला आम्ही मीटर टाकत नाही."

"हे कुठे लिहिलंय?"

"साहेब, स्टँडवर फक्त 'येथे थुंकू नये' एवढंच लिहिलेलं असतं. आणि नेमकं त्याच्यावरच थुंकतात."

साहेब हसला. वाईट माणूस नव्हता. पण चांगल्या माणसाच्या टेबलावरही नियमाचीच फाइल असते. तो म्हणाला, "स्टँडवाल्यांची साक्ष चालत नाही, ते तुमचेच. मागे बसलेला माणूस आणा. तो म्हणू दे, मला नेत होता. मी लिहून घेतो, पुढचं माझ्यावर सोडा. तारीख देतो."

बाहेर जिन्यात रेडिओच्या बायकोने पहिल्यांदा तोंड उघडलं. "ताई, फुकट नेलं नसतं तर तो कामावर मेला असता. नाही का?"

वहिनीने तिचा दंड धरला.  म्हणाली, "चल, खाली उतर. पायऱ्या ओल्या आहेत."

माणूस शोधायला ती हॉस्पिटलात गेली. आत कागद विचारायला नाही, तिथे तिला कोण उभं करणार. इमर्जन्सीच्या दाराशी चाकाची खुर्ची ढकलणारी एक मावशी होती, तिच्याशेजारी जाऊन बसली. मावशीला सगळं आठवत होतं. "केसांत काचा घेऊन आलं होतं म्हातारं. वाचलं. पोरगा चष्म्याच्या दुकानात आहे म्हणे. पैसे नव्हते द्यायला तर मला म्हणाला, मावशी, कधी चष्मा लागला तर या, स्वस्तात देतो. आता मला चांगलं दिसतं, त्याला मी काय करू?"

चष्म्याचं दुकान मोठं होतं, काचेचं, आत गार. मुलगा गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून उभा. त्याने वहिनीला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वहिनीने वरपासून खालपर्यंत वाचली.

"नजर छान आहे तुमची, काकू."

"तुझी कशी आहे? त्या दुपारी टॅक्सीत पुढे कोण बसलं होतं, ते दिसतं का तुला अजून?"

त्याचा हात पाटीवरच राहिला. मग तो तिला मागच्या जिन्यात घेऊन गेला, जिथे रिकामी खोकी ठेवतात.

"काकू, हळू बोला. मी अजून कायम नाही इथे. सुट्टी मागितली तर उद्यापासून येऊच नको म्हणतील."

"एक सकाळ लागेल."

"आणि डंपरवाले? त्यांचा एक माणूस चौकात सगळ्यांना विचारत फिरत होता, कोणी काही पाहिलं का म्हणून. ते कशासाठी विचारतात, मला कळत नाही का?"

"मला पण कळतं. मी रोज त्याच रस्त्याला बसते."

"बाबांना माहीत नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. "ड्रायव्हर वाचला, हाताला पट्टी बांधली, असं सांगितलंय मी. त्यांचं हृदय धरून ठेवलंय औषधांनी. तुम्ही स्वतः येऊन बघा, मग बोला."

वहिनी गेली. डोक्यात राख घालूनच गेली. मास्तर म्हणून स्टँडवरचा सगळ्यात जुना टॅक्सीवाला आहे, त्याच्या गाडीतून. वाटेत मास्तर म्हणाला, "वहिनी, तिथे आरडाओरडा करू नका." ती म्हणाली, "मी आरडाओरडा करत नाही. मी बोलते. लोकांचे कान लहान आहेत."

दोन खोल्यांचं घर. म्हातारा पलंगावर उशांना टेकून बसलेला, अंगावर मांस नाही, पण डोळे जिवंत. मुलगा दाराशी उभा, रंग उडालेला.

"ड्रायव्हरकडून आलात?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "बसा, बसा. किती बोलतो हो तो. माझा जीव चाललाय आणि हा मला सांगतोय, बाबा, माझी धाकटी शाळेत गाणं म्हणणार आहे, ऐकायला यायचं. म्हटलं, अरे, पोचलो तर येईन. तर म्हणतो, पोचवायचं काम माझं, यायचं काम तुमचं." म्हातारा हसला, खोकला, पुन्हा हसला. "बरा आहे ना तो?"

वहिनी आली होती ती खरं सांगायलाच. शब्द ओठावर होते. तिने म्हाताऱ्याच्या छातीकडे पाहिलं. पाखराच्या छातीसारखी ती वरखाली होत होती. रेडिओने ज्याला पोचवायला जीव दिला, त्याला आपण इथे बसून मारायचं का? मग ती फेरी फुकटच गेली की.

"बरा आहे," ती म्हणाली. "हात दुखतो थोडा. पण तोंड चालू आहे."

"तोंड बंद झालं की काळजी करा," म्हातारा म्हणाला, आणि उशाखालून त्याने धुऊन घडी केलेला नॅपकिन काढला. चौकड्यांचा, एका बाजूला पिवळा दोरा. "हा त्याचा. द्या त्याला. आणि म्हणावं, एकदा येऊन जा."

खाली जिन्यात मुलाने वहिनीचे पाय धरले. "काकू, तुम्ही माझ्या बापाला वाचवलंत. मी तारखेला येतो. शब्द देतो."

आता इथे बघा. आयुष्यभर जी बाई दुसऱ्यांच्या बायकांना सांगत आली, की तोंडी शब्दावर जायचं नाही, तिने त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर? कागद होता, पेन मास्तरच्या खिशाला होतं. मास्तरने खिशाला हातही लावला. वहिनीने मान हलवली. पेशंटच्या घरात उभं राहून काही मागायचं नाही. जी रीत टॅक्सीत पाळायची, तीच तिने जिन्यात पाळली. शहाणपणा तिला दिराने शिकवला होता. तोरा मात्र स्टँडचा होता, आणि त्या दिवशी तोऱ्याने शहाणपणाला खाल्लं.

तारखेला मुलगा आला नाही.

विम्याच्या ऑफिसात वहिनी, रेडिओची बायको आणि मास्तर दाराकडे बघत बसले. शिपायाने दोनदा विचारलं, तुमचा माणूस आला का. फोन लागेना. चष्म्याच्या दुकानात मास्तर जाऊन आला, तर त्याने काम सोडलं म्हणाले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बापाला घेऊन गावाला गेला, कुठल्या ते सांगितलं नाही. गळ्यात पट्टा अडकवून कायम व्हायची वाट बघणारा माणूस नोकरी सोडतो, ते हौसेने सोडत नाही. कोणी घाबरवलं की कोणी गप्प केलं, हे डंपरच्या मालकाला आणि त्यालाच माहीत.

वहिनीने टेबलावर नॅपकिन ठेवला. "हा म्हाताऱ्याच्या घरातून आणलाय मी. त्याच फेरीत दिलेला."

साहेबाने तो उचलला, उलटा केला, परत ठेवला. "बाई, यावर कोणाचं नाव नाही."

"पिवळा दोरा मी भरलाय," रेडिओची बायको म्हणाली. "माझ्याकडचा पांढरा संपला होता."

साहेबाने नॅपकिन वहिनीकडे सरकवला. मग म्हणाला, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण माझ्या विश्वासाला इथे कोणी विचारत नाही. आणखी एक तारीख देतो. ती शेवटची."

स्टँडवर त्या संध्याकाळी सगळे दुकानापाशी जमले. एकजण म्हणाला, "वहिनी, सोपं आहे. माझा मेहुणा येईल. सांगेल, मागे मीच होतो. कोण बघायला गेलंय?"

"तुझा मेहुणा डंपरवाल्यांसमोर टिकेल? एका प्रश्नात गळेल. आणि तो खोटा निघाला की रेडिओही खोटा. मेलेल्याला दुसऱ्यांदा मारायचा आहे का तुला?"

"मग पोरींना काय सांगायचं? बाप रीत पाळताना मेला, ती घ्या आणि पोट भरा?"

बोलणारा वाईट नव्हता. रेडिओच्या मुलींना शाळेत सोडायची त्या आठवड्याची पाळी त्याचीच होती.

दोनतीन दिवसांनी दुपारी एक बाई धावत स्टँडवर आली. बरोबर तिची बहीण, हात कोपरापर्यंत भाजलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. पहिली गाडी मास्तरची होती. त्याने मागचं दार उघडलं, त्यांना बसवलं, स्टिअरिंगवर गेला, आणि निघालाच नाही. मान वळवून त्याने दुकानाकडे पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनीच पाहिलं.

वहिनीच्या हातात टायर होता. तिने तो खाली ठेवला.

"काय करू?" मास्तरने विचारलं.

"टाक मीटर."

मास्तरचा हात मीटरकडे गेला तो असा, जणू लोखंड तापलेलं आहे. मीटर पडल्याचा आवाज रोज शंभरदा होतो, कोणी ऐकत नाही. त्या दिवशी अख्ख्या रांगेने ऐकला. मागच्या सीटवरून त्या बाईने घाबरून विचारलं, "किती होतील हो? माझ्याकडे आत्ता एवढेच आहेत."

मास्तर म्हणाला, "द्या नका देऊ, बाई. हा आमच्या बायकांसाठी टाकलाय." आणि गेला.

वहिनी वळली, टबात हात घातला आणि बराच वेळ हातच धूत राहिली. त्या हातांचं काळं धुतल्याने जात नाही, हे तिला माहीत आहे.

तेव्हापासून त्या स्टँडवर पेशंट आला की आधी मीटर पडतो. एक चांगली गोष्ट होती, ती विम्याच्या साहेबाने मोडली नाही, डंपरनेही मोडली नाही. ती मोडली हॅण्डब्रेकवहिनीने, आपल्या तोंडाने, कारण पुढच्या ड्रायव्हरची बायको तिला त्याच जिन्यात बघायची नाही. दुसऱ्या स्टँडवाल्यांना कळलंय. आता भांडणात ते हसतात.

शेवटची तारीख अजून यायची आहे. रेडिओची बायको रोज दुकानावर येऊन बसते, वहिनीला ठिगळं कापून देते. नॅपकिन तिने परत नेला नाही. तो दुकानात खिळ्याला टांगलाय. त्याला कोणी हात पुसत नाही.

चौकातले व्हिडिओ वहिनीने हिंडून हिंडून गोळा केलेत. पानवाल्याकडचा, बस कंडक्टरकडचा, कॉलेजच्या पोरांकडचा. सगळ्यांत रेडिओचा चेहरा आहे, जवळून, नीट, जसा कोणाचाही काढू नये तसा. पण सगळे सुरू होतात ते मागची सीट रिकामी झाल्यावर. त्याच्या आधीचा क्षण, मागचं दार उघडतंय, एक माणूस बापाला खांद्यावर टाकून उतरतोय, तो कोणाच्या तरी फोनमध्ये आहेच. एवढे हात वर होते, त्यातला एक तरी लवकर वर गेला असेल.

तो हात तुमचा असेल तर शरम वाटून घेऊ नका, त्याला आता वेळ नाही. पुसू नका तो व्हिडिओ. स्टँडच्या टोकाला पत्र्याचं पंक्चरचं दुकान आहे, कोणालाही विचारा. घेऊन या. तुम्हाला कोर्टात ओढणार नाही, नाव विचारणार नाही, फोन परत देऊ. फक्त मागची सीट दाखवा.